बेडकाच्या पायातली वीज : लुइजी गॅल्व्हानी

अंगातून वीज सोडणारा नायक आजकालच्या मुलांना चांगला परिचयाचा आहे. कधी तो पिकाचू असतो, कधी इंग्रजी सिनेमातला सुपरहीरो. माणसाच्या अंगात खरोखर अशी वीज असते का, या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य वेचले ते इटलीचे डॉक्टर लुइजी गॅल्व्हानी. आपल्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढणाऱ्या जी.आय. पाईपातला ‘जी’ त्यांच्याच नावावरून आला आहे.

९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या शहरात त्यांचा जन्म झाला. वैद्यकाची पदवी घेऊन ते तिथेच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. १७६२ साली आपले गुरू प्रा. गालेआत्सी यांची कन्या लुचिया हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. लुचियाबाई पतीच्या प्रयोगांत बरोबरीने मदत करीत.

१७८०च्या सुमारास एक गंमत घडली. चिरलेल्या बेडकाच्या नसेला मदतनिसाची सुरी लागली आणि त्याच क्षणी जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी पडली. मेलेल्या बेडकाचा पाय जोरात झटकला! दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिले असते. गॅल्व्हानींनी हाच प्रयोग नाना तऱ्हांनी, वर्षानुवर्षे केला. पितळी आकड्याला अडकवलेले पाय लोखंडी कठड्याला टेकवले, तर आकाश निरभ्र असतानाही ते झटकत. प्राण्याच्या शरीरात स्वतःची वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १७९१ साली तो प्रसिद्ध केला. ते पाहायला लुचियाबाई मात्र हयात नव्हत्या.

पाव्हियाचे प्राध्यापक व्होल्टा यांनी आधी कौतुक केले, मग शंका काढली. वीज बेडकाची नव्हे, दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शाची आहे, असे त्यांचे म्हणणे. गॅल्व्हानींनी धातू बाजूलाच ठेवला. नुसती नस स्नायूला टेकवून त्यांनी पाय हलवून दाखवला. झटका देणारा पाकटासारखा टॉर्पेडो मासा अभ्यासण्यासाठी ते समुद्रकिनारीही गेले. व्होल्टांनी १८०० साली आपल्या विचारातून पहिली बॅटरी बनवली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

ती बॅटरी पाहणे गॅल्व्हानींच्या नशिबी नव्हते. नेपोलियनच्या फौजा इटलीत आल्या, नवे राज्य स्थापन झाले आणि १७९८ साली प्राध्यापकांना त्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले. गॅल्व्हानी श्रद्धाळू होते. मनाला न पटणारी शपथ त्यांनी नाकारली आणि नोकरी गेली. साठीच्या उंबरठ्यावर पगार बंद होणे म्हणजे काय, हे आम्हा सरकारी नोकरांना वेगळे सांगायला नको. पुढे पद परत देण्याचे ठरले, पण ते हाती येण्याआधीच ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तमाशाच सुरू झाला. भाचे आल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेताला बॅटरी लावली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. १८१८ साली मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी आली, तिच्यामागे याच प्रयोगांची चर्चा होती. विजेचे नायक तिथूनच पुढे निघाले.

आता हिशेब पाहू. पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण वेगळे असते, त्यातून साधारण ०.०७ व्होल्ट दाब तयार होतो. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत-ईल माशात अशा हजारो खास पेशी टॉर्चमधल्या सेलसारख्या एकामागे एक रचलेल्या असतात आणि त्या एकदम चालू होतात, म्हणून ६०० व्होल्टांहून जास्त झटका बसतो. आपल्या पेशी तशा रांगेत नाहीत. त्या चोहोबाजूंनी खारट द्रवात असल्याने त्यांची वीज आतल्या आत वाटली जाते. शिवाय एक सेंटिमीटर हवा ओलांडायलाच सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. म्हणजे ईललासुद्धा पाण्याबाहेर दूरवर लोळ फेकता येणार नाही, मग माणसाची काय कथा!

तेव्हा घरातल्या मुलांनी विचारले तर सांगावे : वीज आपल्यात आहे, पण ती फेकायची नाही, वाचायची आहे. ईसीजी काढताना छातीवर मिळणारा संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. कागदावर तो दहा मिलिमीटर उंच दिसतो, आणि आजोबांच्या हृदयाचे काय चालले आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळते.