जपानने देव मानलेला मल्ल : कार्ल गॉच

टोकियोतील ओटा वॉर्ड क्रीडागृहात ६ मार्च १९७२ रोजी अंतोनियो इनोकी यांच्या ‘न्यू जपान प्रो रेसलिंग’ या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढत होती खुद्द इनोकी आणि ४७ वर्षांचे कार्ल गॉच यांच्यात. संस्था इनोकी यांची, प्रेक्षकही त्यांचेच. पण जिंकले गॉच. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो. त्यामुळे हा पराभव इनोकी यांनी जाणूनबुजून पत्करला होता. शिष्याने गुरूला वाहिलेली ती जाहीर गुरुदक्षिणाच म्हणावी लागेल.

गॉच यांचे मूळ नाव कारेल इस्ताझ. जन्म १९२४ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते बेल्जियमतर्फे फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत उतरले. पदक मिळाले नाही. खरे शिक्षण पुढे इंग्लंडमधील विगन या खाणकामगारांच्या गावी झाले. तेथील बिली रायली यांची तालीम ‘स्नेक पिट’ या नावाने ओळखली जाई. सांधे पिळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणणारी ‘कॅच’ कुस्ती तेथे शिकवली जात असे. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्या या मल्लाने तिथे पुन्हा पहिल्यापासून धडे गिरवले.

पुढे ते अमेरिकेत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीचे विख्यात विजेते फ्रँक गॉच यांच्या स्मरणार्थ त्यांनी गॉच हे नाव धारण केले. मात्र अमेरिकेतील आयोजकांना हवे होते नाट्य, भपका आणि तिकीटविक्री. गॉच यांना तडजोड ठाऊक नव्हती. १९६२ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे विजेते बडी रॉजर्स यांच्याशी ड्रेसिंग रूममध्ये झालेल्या झटापटीने त्यांच्याभोवती वादाचे वलय निर्माण झाले. कौशल्याविषयी कोणालाच शंका नव्हती; पण कामे मिळेनाशी झाली. एका टप्प्यावर या मल्लाला होनोलुलूत कचरा उचलण्याचे काम करावे लागले.

जपानने मात्र त्यांना ओळखले. १९६१ मध्ये ते तेथे प्रथम गेले. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला मागून मिठी घालायची, स्वतःच्या पाठीची कमान करून त्याला डोक्यावरून मागे न्यायचे आणि त्याच स्थितीत त्याचे खांदे टेकवून ठेवायचे, हा त्यांचा ‘जर्मन सुप्लेक्स’ पाहून प्रेक्षक थक्क झाले. जपानी चाहते त्यांना ‘कुस्तीचा देव’ म्हणू लागले.

त्यांच्या शिकवणीत आपल्याला ओळखीचे वाटावे असेही काही होते. भारतीय आखाड्यातील जोर, बैठका आणि मुद्गल फिरवणे हा त्यांच्या व्यायामाचा पाया होता. पत्त्यांचा जोड पिसून एकेक पान उलटायचे. पानाच्या रंगावरून व्यायाम ठरे आणि आकड्यावरून संख्या. जोड संपेपर्यंत सुटका नसे. दमलेल्या मल्लाचे डाव कुचकामी ठरतात, हे सूत्र त्यांनी शिष्यांच्या अंगी मुरवले.

१९८२ च्या जानेवारीत ते रिंगणातून निवृत्त झाले. मात्र १९८४ मध्ये योशिआकी फुजिवारा, अकिरा माएदा, सातोरू सायामा आदींनी ‘यूडब्ल्यूएफ’मध्ये त्यांचाच वारसा पुढे नेला. दोरांवरून उड्या आणि नाटकी मारामारी वजा करून तेथे सांध्यांचे डाव आणि जोरकस लाथा यांवर भर दिला गेला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कोराकुएन हॉलमध्ये झालेली फुजिवारा आणि ‘सुपर टायगर’ सायामा यांची लढत आजही या शैलीचा नमुना मानली जाते. सायामा उभ्याने लाथांचा मारा करीत, तर फुजिवारा त्यांना जमिनीवर ओढून हात वा पाय पकडण्याची संधी शोधत. निकाल तेथेही ठरलेलाच होता, पण पकडी खऱ्या होत्या. ही संस्था १९८५ मध्ये बंद पडली.

उरलेली भिंतही १९९३ मध्ये कोसळली. मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी स्थापन केलेल्या संस्थेला प्राचीन ग्रीक मल्लविद्येवरून ‘पँक्रेस’ हे नाव गॉच यांनीच सुचवले. २१ सप्टेंबर १९९३ रोजी तेथे ठरवून न केलेल्या लढती झाल्या. पाचही लढती मिळून पंधरा मिनिटेही लागली नाहीत. खरी कुस्ती किती झटपट संपते, हे प्रेक्षकांना त्या रात्री कळले.

गॉच यांचे २८ जुलै २००७ रोजी फ्लोरिडातील टॅम्पा येथे निधन झाले. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी टोकियोतील मिनामी-सेंजू भागातील एकोइन मंदिरात त्यांची समाधी उभी राहिली. अँटवर्पमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत उपेक्षा वाट्याला आलेल्या या मल्लाला अखेरचा विसावा मिळाला तो त्याच्या शिष्यांच्या भूमीत.