विश्लेषण : लेव्हरकुझेनचे ‘व्हित्सेकुझेन’ कसे झाले? फुटबॉलच्या टोमण्यात अडकलेल्या रसायनतज्ज्ञाची गोष्ट

शाळेचा पांढरा शर्ट निळीच्या पाण्यातून काढणे सोनिवलीपासून सोलापूरपर्यंत घरोघरी ओळखीचे. पुडीत मिळणाऱ्या या निळीतले रंगद्रव्य म्हणजे अल्ट्रामरीन. हेच रंगद्रव्य बनवणाऱ्या एका जर्मन कारखानदाराचे आडनाव पुढे फुटबॉलमधला सर्वात बोचरा टोमणा ठरले. त्याचे नाव कार्ल लेव्हरकुस.

कोण होता कार्ल लेव्हरकुस?

जन्म १८०४, जर्मनीतील व्हेर्मेल्सकिर्शेन. शिक्षणाने औषधनिर्माता. त्या काळी अस्सल अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून मिळे आणि प्रचंड महाग असे. ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये ६ हजार फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले होते. १८२८ मध्ये ते फ्रेंच रसायनतज्ज्ञ गिमे यांना मिळाले. त्याच वर्षी जर्मनीच्या ग्मेलिन यांनीही आपली पद्धत प्रसिद्ध केली, पण बक्षीस हुकले.

लेव्हरकुस या शर्यतीत आला तोवर निकाल लागला होता. त्याने कारखाना काढला १८३४ मध्ये. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भट्टीत तापवून निळा रंग तयार व्हायचा. शोध दुसऱ्याचा होता. लेव्हरकुसने त्यावर धंदा उभा केला.

गावाला त्याचे नाव कसे मिळाले?

धंदा वाढला तशी जागा आणि वाहतूक अपुरी पडू लागली. १८६० च्या सुमारास त्याने कारखाना ऱ्हाइन नदीकाठी, व्हीसडॉर्फजवळ हलवला. तिथल्या वसाहतीला त्याने नाव दिले लेव्हरकुझेन. हे त्याच्या पूर्वजांच्या मूळ वाडीचे नाव. १८८९ मध्ये तो वारला. दोनच वर्षांत ही जागा बायर कंपनीने विकत घेतली. हीच पुढे अ‍ॅस्पिरिनमुळे जगभर पोहोचलेली कंपनी. १९०४ मध्ये कामगारांच्या मागणीवरून तिथे क्रीडा क्लब सुरू झाला. १९३० मध्ये आसपासची गावे एकत्र करून शहर झाले, त्याचेही नाव लेव्हरकुझेन. लेव्हरकुसने ना हा क्लब पाहिला, ना हे शहर.

मग टोमणा कुठून आला?

जर्मन भाषेत ‘व्हित्से’ म्हणजे ‘उप’. बायर लेव्हरकुझेन संघ १९९७, १९९९, २००० आणि २००२ मध्ये बुंडेसलीगात उपविजेता ठरला. सहा हंगामांत चार वेळा! बदलापूरच्या संघाला कोणी ‘उपलापूर’ म्हणावे, तसे लोक ‘व्हित्सेकुझेन’ म्हणू लागले. इंग्रजीत ‘नेव्हरकुझेन’ झाले, म्हणजे कधीच न जिंकणारे.

- २००० : शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. छोट्या उंटरहाखिंगकडून ०-२ हार, त्यातला एक स्वयंगोल बलाकचा. विजेतेपद बायर्नला.
- २००२ : तीन सामने बाकी असताना ५ गुणांची आघाडी, तरी १ गुणाने डॉर्टमुंड विजेता. त्यानंतर जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्ककडून आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रियाल माद्रिदकडून पराभव.

खरे तर संघाने १९८८ मध्ये युएफा चषक आणि १९९३ मध्ये जर्मन चषक जिंकला होता. पण टोपणनाव एकदा चिकटले की जिंकलेले कोणी मोजत नाही. २०११ मध्ये पुन्हा दुसरे स्थान आले. क्लबने तर हा शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवूनच टाकला.

टोमणा पुसला गेला का?

१४ एप्रिल २०२४ ला झाबी अलोन्सोच्या संघाने वेर्डर ब्रेमेनला ५-० ने हरवून पहिली बुंडेसलीगा जिंकली. ३४ सामन्यांत २८ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य. त्याच मे महिन्यात जर्मन चषकही आला. युरोपा लीगचा अंतिम सामना मात्र अटलांटाने जिंकला, म्हणजे तिथे पुन्हा ‘उप’च.

बक्षीस जिंकलेल्या गिमेचे नाव आज किती जणांना माहीत आहे? निकाल लागल्यानंतर कामाला लागलेल्या लेव्हरकुसचे नाव मात्र जर्मनीच्या नकाशावर आहे आणि दर आठवड्याला स्टेडियममध्ये हजारो लोक ते ओरडतात.