बाई वॉर्डात नसताना

शाळेच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला भेटतात त्या हातात दिवा घेऊन. रात्रीची वेळ, जखमी शिपायांच्या रांगा आणि त्यांतून फिरणारी एक सडपातळ बाई. चित्र खोटे नाही. पण बाई झोपायला गेल्या की त्या शिपायांचे काय होई, हे त्या चित्रातून कळत नाही. त्यांचे लिखाण वाचताना मला नेहमी वाटत आले आहे, की उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग त्यांनी याच प्रश्नापायी घालवला.

जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. नावही शहरावरूनच पडले. घर सधन, वडील मुलींना हौसेने शिकवणारे. गणिताची गोडी तेव्हापासूनची. परिचारिकेचे काम त्या काळी इंग्लंडात हलके समजत, त्यामुळे घरचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला थोडे शिक्षण झाले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती आली. तिथे त्यांनी हट्ट धरला तो घंटांचा. रुग्णाने घंटा वाजवली की त्याची झडप उघडावी आणि ती उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले ते परिचारिकेला मागाहूनही दिसेल! माझ्या मते नाइटिंगेलबाईंची सगळी बुद्धी या एका झडपेत आहे.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. घाण आणि उंदीर यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मला जास्त भयंकर वाटते ती खात्याखात्यांतली तुटलेली साखळी. पथ्य डॉक्टरने लिहायचे, सामान दुसऱ्याच खात्याच्या अधिकाऱ्याने सोडायचे. मृतांचे आकडेसुद्धा एका दप्तराचे दुसऱ्याशी जुळत नव्हते. तिकडे क्रिमियात तर लिंबाचा रस डिसेंबरात येऊन पडला होता. पण रोजच्या शिध्याच्या हुकमात तो नव्हता, म्हणून स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या शिपायांना फेब्रुवारीपर्यंत मिळाला नाही. मार्च १८५५ मध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनने गटारे उपसली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने उतरले. या सगळ्याचा अर्थ बाईंना पुरता उलगडला तो मायदेशी परतल्यावर, विल्यम फार यांच्याबरोबर आकडे मांडताना.

१८६० च्या सुमारास 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक निघाले. त्यात बारीकसारीक व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होते तेच आपण नसताना कसे होईल याची तजवीज करणे म्हणजे व्यवस्था, असा त्याचा रोख. निरीक्षणावरचे प्रकरण तर डॉक्टरांनाही चिमटे काढते. रात्र बरी गेली का, असे विचारू नये. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारावे. कारण एकाची बरी रात्र ही दुसऱ्याची वाईट रात्र असते.

मी तीस वर्षे मेडिसिन शिकवले. पण हे वाक्य मला कळले ते वडिलांच्या खाटेशेजारी बसून. रुग्णालय मोठे, नावाजलेले. पायांवर सूज, श्वासाला त्रास, म्हणून रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने लघवीचे इंजेक्शन दिले आणि पहाटे पोटॅशियम तपासायला रक्त पाठवले. मुलगा हुशार होता. सकाळी पाळी बदलली. दारातल्या दारात, पाच मिनिटांत सगळा वॉर्ड सोपवून झाला. अकरा नंबर, रात्र बरी गेली! रक्ताचे कोणी बोललेच नाही. रिपोर्ट प्रयोगशाळेत पडून राहिला. दुपारी नाडीचे ठोके चुकू लागले तेव्हा धावपळ झाली. वडील वाचले, आठवडाभर उशिरा घरी आले. कोणाचाही हलगर्जीपणा मला दाखवता येत नाही. दोघेही आपापल्या पाळीत चोख होते.

अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांना रुग्ण सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली गेली. रुग्ण किती गंभीर, काय करायचे राहिले आहे, काय बिघडू शकते, हे क्रमाने सांगायचे आणि घेणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. नवे औषध नाही, यंत्र नाही. बाईंना यात नवल वाटले नसते.

१८५७ नंतर आजारपणाने त्यांनी स्वतः बहुधा खाटच धरली होती. जे केले ते कागदावरून, दुसऱ्यांच्या हातून. सिडनी हर्बर्टसारख्या मित्राला त्यांनी किती राबवले हा वादाचा विषय आहे. १८६१ मध्ये तो गेला. सर्व रुग्णालयांसाठी एकाच नमुन्याचे तक्ते त्यांनी १८६० च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ठेवले. काही रुग्णालयांनी ते वापरून पाहिले, पुढे ते मागे पडले. त्याच वर्षी सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, ती टिकली. हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या आरोग्यावर १८६३ चा प्रचंड अहवाल आला, त्यामागेही त्याच होत्या. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. इथे त्या कधी आल्या नाहीत.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मृतीही. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या राहत्या घरी त्या वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीचा मान घरच्यांनी नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. त्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढेच कोरले आहे.