टेलिफोनवाली आल्टो

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

शाळेच्या क्वायरमध्ये मी कायम मागच्या रांगेत, म्हणजे आल्टोत. बायकांच्या आवाजातली ही खालची पट्टी. मुख्य चाल पुढच्या मुली म्हणणार, आम्ही खालून आधार द्यायचा. फार राग यायचा. कॅथलीन फेरियर ऐकली तेव्हा तो गेला.

टेलिकॉमवाल्यांनो, ही बाई आपल्याच खात्यातली! २२ एप्रिल १९१२ ला इंग्लंडमधल्या लँकेशायरात जन्म, वडील शाळामास्तर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटली. पियानो मात्र उत्तम वाजवायची. पुढे फोनवर वेळ सांगणाऱ्या 'बोलत्या घड्याळा'साठी खात्याला आवाज हवा होता. हिनेही चाचणी दिली. नापास! (कँपसमध्ये रिजेक्ट झालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

१९३५ साली लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बायकांना तिथे ठेवत नसत. १९३७ च्या कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत ती पियानोसाठी उतरणार होती. गाण्यात नाव द्यायची तुझी हिंमत नाही, म्हणून नवऱ्याने एका शिलिंगची पैज लावली. तिने दोन्हीत पहिलं बक्षीस आणलं. लग्न पुढे टिकलं नाही, गाणं टिकलं.

युद्धाच्या काळात ती कारखान्यांत कामगारांसाठी गायली. १९४२ मध्ये लंडनला आली आणि मे १९४३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडेलचा 'मसाया' गायली. तिथून नाव झालं. मग बाखचं 'मॅथ्यू पॅशन', म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांची कथा. त्यात पीटर आपल्या गुरूला ओळखतच नाही म्हणतो आणि मग ढसाढसा रडतो. ते रडणं बाखने कोणाला दिलंय? वरच्या पट्टीतल्या सोप्रानोला नाही, आल्टोला! सोबत एक व्हायोलिन. मागच्या रांगेत उभं राहून हे मला कधी कळलं नव्हतं.

१९५१ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, उपचार चालू राहिले, मध्येमध्ये गाणंही. ऑक्टोबर १९५२ मध्ये तिने डेक्कासाठी बाख आणि हँडेलची आठ गाणी रेकॉर्ड केली. फेब्रुवारी १९५३ मध्ये कव्हेंट गार्डनला ग्लुकच्या ऑपेरात ऑर्फियसचं काम करत असताना, दुसऱ्याच प्रयोगात, आजाराने पोखरलेलं मांडीचं हाड स्टेजवर मोडलं. तिने तसाच उभ्याने प्रयोग पुरा केला. प्रेक्षकांना पत्ताही नाही. ८ ऑक्टोबर १९५३ ला ती गेली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

आता आपल्या कामाची गोष्ट. ती आठ गाणी मोनोत होती. नंतर स्टीरिओ आलं आणि जुनं मागे पडायला लागलं. टेपवर आवाज आणि वाद्यं एकजीव, वेगळी काढणार कशी? १९६० मध्ये डेक्काने तेच कंडक्टर एड्रियन बोल्ट आणि लंडन फिलहार्मोनिकला पुन्हा बसवलं. जुनी टेप लावायची आणि तिच्यावरच नवीन वाजवायचं. एरवी गाणारा कंडक्टरकडे बघतो. इथे सात वर्षांपूर्वी गेलेली बाई जिथे श्वास घेईल तिथे अख्ख्या ऑर्केस्ट्राने थांबायचं.

रात्री रूममेट झोपली की मी हे हेडफोनवर ऐकते. वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली, ती मात्र मधोमध.