विश्लेषण : चाळीस वर्षे अमेरिकेत काम, तरी परतीचा रस्ता बंद! चार्ली चॅप्लिन यांचा परवाना का रद्द झाला?

जगाला हसवणाऱ्या चार्ली चॅप्लिन यांनी जवळपास चार दशके अमेरिकेत काम केले, कर भरला, स्वतःचा स्टुडिओ उभारला. पण अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी कधीच घेतले नाही. १९५२ मध्ये ते युरोपला निघाले आणि जहाज समुद्रात असतानाच त्यांचा परतीचा परवाना रद्द झाला. हा परवाना नेमका काय होता आणि एका कागदाने चॅप्लिन यांचे आयुष्य कसे बदलले, याविषयी...

चॅप्लिन अमेरिकेत कसे पोहोचले?

चॅप्लिन यांचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये झाल्याचे मानले जाते. आई-वडील दोघेही रंगमंचावरचे कलाकार, पण घरात दारिद्र्य होते. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई मानसिक आजाराने खचलेली. चार्ली सात वर्षांचे असताना त्यांना गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात राहावे लागले. फ्रेड कार्नो यांच्या नाटक मंडळीबरोबर ते १९१० मध्ये पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि १९१२ मध्ये पुन्हा गेले. १९१३ मध्ये कीस्टोन कंपनीने आठवड्याला १५० डॉलरवर त्यांना करारबद्ध केले. ढगळ पँट, आखूड कोट, गोल टोपी आणि काठी घेतलेला भटक्या १९१४ मध्ये पडद्यावर आला. अवघ्या दोन वर्षांत म्युच्युअल कंपनीशी त्यांचा वर्षाला सहा लाख ७० हजार डॉलरचा करार झाला. १९१९ मध्ये त्यांनी मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन केली.

नागरिकत्व का घेतले नाही?

कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क होता. त्यामुळे रोजच्या व्यवहारात चॅप्लिन यांचे काही अडत नव्हते. ते ब्रिटिश नागरिकच राहिले. आपण कोणत्याही एका देशाचे नाही, साऱ्या जगाचे आहोत, अशी त्यांची भूमिका होती. पण अमेरिकेतील अनेकांना हा कृतघ्नपणा वाटे. इथे पैसा कमावतो आणि इथला नागरिक होत नाही, ही टीका त्यांच्यावर वर्षानुवर्षे होत राहिली.

योगायोग असा, की स्थलांतरितांचे हाल त्यांनी फार आधीच पडद्यावर दाखवले होते. १९१७ च्या ‘द इमिग्रंट’मध्ये जहाजातून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि लगेच प्रवाशांना दोराने अडवले जाते.

सरकारचा रोष कशामुळे ओढवला?

‘मॉडर्न टाइम्स’मध्ये (१९३६) यंत्राच्या चाकांत सापडलेला कामगार आणि ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये (१९४०) हिटलरची खिल्ली, यातून त्यांचे राजकीय विचार उघड झाले. दुसऱ्या महायुद्धात रशियाला मदत म्हणून युरोपात दुसरी आघाडी उघडावी, अशी भाषणे त्यांनी केली. जे. एडगर हूव्हर यांच्या एफबीआयने त्यांच्यावर मोठी फाइल तयार केली. खासगी आयुष्यही वादात सापडले. एका तरुण अभिनेत्रीच्या प्रकरणात त्यांच्यावर फौजदारी खटला झाला. १९४४ मध्ये ते निर्दोष सुटले. नंतरच्या पितृत्वाच्या दाव्यात रक्तचाचणी त्यांच्या बाजूने असूनही निकाल विरोधात गेला. याच काळात, १९४३ मध्ये, त्यांनी १८ वर्षांच्या ऊना ओनील यांच्याशी विवाह केला. तेव्हा त्यांचे वय ५४ होते. महायुद्ध संपल्यावर शीतयुद्ध सुरू झाले आणि साम्यवादी असल्याचा नुसता संशयही एखाद्याचे काम बंद करायला पुरेसा ठरू लागला.

री-एण्ट्री परमिट म्हणजे काय?

नागरिकाला स्वतःच्या देशात परत येण्यापासून रोखता येत नाही. कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या परदेशी व्यक्तीचे तसे नसते. देशाबाहेर गेल्यावर परत आत घेण्याचा प्रश्न नव्याने उभा राहू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना, म्हणजेच री-एण्ट्री परमिट घेतले जाते. चॅप्लिन यांनीही ‘लाइमलाइट’च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी ते घेतले होते. त्यासाठी स्थलांतर अधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी केली आणि परवाना दिला.

जहाज निघाल्यावर काय घडले?

सप्टेंबर १९५२ मध्ये चॅप्लिन पत्नी आणि मुलांसह ‘क्वीन एलिझाबेथ’ जहाजाने न्यूयॉर्कहून निघाले. १९ सप्टेंबरला अॅटर्नी जनरल जेम्स मॅकग्रॅनरी यांनी त्यांचा परवाना रद्द केला. परत यायचे असेल, तर राजकीय विचार आणि नैतिक वर्तन यांबाबत चौकशीला सामोरे जावे लागेल, असे जाहीर झाले. सरकारच्या हाती मात्र फारसे काही नव्हते. पुढे खुल्या झालेल्या फाइलींच्या आधारे अभ्यासकांनी निष्कर्ष काढला, की चॅप्लिन यांनी प्रवेशासाठी अर्ज केला असता, तर त्यांना रोखण्याइतका ठोस पुरावा सरकारकडे नव्हता.

अमेरिकेने ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर यंत्रणेकडूनही माहिती मागवली. तिला लंडनच्या नोंदींत चॅप्लिन यांच्या जन्माचा दाखलाच सापडला नाही! ही फाइल २०१२ मध्ये खुली झाली. चॅप्लिन सुरक्षेला धोका आहेत, असे मात्र एमआय-५ ला वाटले नाही.

पुढे काय झाले?

चॅप्लिन यांची बहुतेक संपत्ती अमेरिकेत अडकली होती. ऊना या जन्माने अमेरिकी नागरिक असल्याने त्यांना परत जाण्यास अडचण नव्हती. एकाच घरात दोघांचे पासपोर्ट वेगळे, म्हणून हक्कही वेगळे! नोव्हेंबर १९५२ मध्ये ऊना अमेरिकेत गेल्या आणि त्यांनी आर्थिक व्यवहार मार्गी लावले. जानेवारी १९५३ मध्ये कुटुंब स्वित्झर्लंडमधील व्हेव्हेजवळ स्थायिक झाले. एप्रिलमध्ये चॅप्लिन यांनी आपले री-एण्ट्री परमिट अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. पुढच्या वर्षी ऊना यांनीही अमेरिकेचे नागरिकत्व सोडले.

स्वतःचा स्टुडिओ आणि जुने सहकारी मागे सुटल्याचा परिणाम कामावर झाला. पुढच्या २५ वर्षांत चॅप्लिन यांनी दोनच नवे चित्रपट केले. १९७२ मध्ये मानद ऑस्कर स्वीकारण्यासाठी ते २० वर्षांनी अमेरिकेत गेले, तेही पाहुणे म्हणून. सभागृहाने सुमारे १२ मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवल्या. १९७५ मध्ये ब्रिटनने त्यांना ‘सर’ किताब दिला. २५ डिसेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील घरी त्यांचे निधन झाले.

आज हा परवाना कोणाला लागतो?

री-एण्ट्री परमिट आजही आहे. ग्रीन कार्डधारकाला वर्षभराहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहायचे असेल, तर तो घ्यावा लागतो. अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो आणि परवाना साधारण दोन वर्षांपर्यंत वैध असतो. आजारी आईवडिलांसाठी पुण्या-मुंबईत दीर्घकाळ येऊन राहणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. मात्र परमिट हातात असले, तरी प्रवेशाची हमी मिळत नाही. सीमेवरचा अधिकारी प्रवेशाच्या वेळी तपासणी करतोच.