दप्तर उघडणारा पाद्री

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटले की आपल्याला लेखणी आठवते. त्या लेखणीला सरकारी कागदाचा आधार लागतो, हे फारसे कुणी बोलत नाही. हे अडीचशे वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या अँडर्स चिडेनियसविषयी म्हणूनच मला मोठे कुतूहल वाटते.

फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. चिडेनियस १७२९ साली सोत्कामो येथे जन्मला. वडील पाद्री, तोही पाद्रीच झाला. आडगावी धर्मकार्य करताना त्याने लोकांना देवी टोचल्या, मोतीबिंदू काढले. त्याच्या भागातले शेतकरी डांबर काढत; पण परदेशी व्यापाराचा मक्ता स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांकडे. १७६५ साली तो संसदेत गेला आणि किनाऱ्यावरच्या काही गावांना ही मुभा मिळाली, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण गाऱ्हाणे मांडायचे तर छापावे लागते, आणि छपाईवर सेन्सॉर बसलेला. चिडेनियस त्याच्या मागे लागला. २ डिसेंबर १७६६ रोजी कायदा झाला. धर्मविषयक लिखाण वगळता सेन्सॉर गेला. शिवाय सरकारी व न्यायालयीन कागद पाहण्याचा, उतरवून घेण्याचा आणि छापण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. जगातला असा हा पहिला कायदा.

तो मंजूर झाला तेव्हा चिडेनियस सभागृहात नव्हता! स्वपक्षाच्या चलनधोरणावर टीका करणारी पुस्तिका छापली म्हणून त्याला आधीच काढून टाकले होते. पुढे राजा तिसरा गुस्ताव याने १७७२ साली सत्ता बळकावली आणि दोनच वर्षांत हा कायदा पंगू केला. १८०३ साली चिडेनियस वारला. स्वीडनमध्ये हक्क परतला तो १८०९ नंतर.

त्याचे फळ १९९५ साली दिसले. उपपंतप्रधान मोना सालिन यांनी सरकारी कार्डावर केलेला खासगी खर्च ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकाने उजेडात आणला. पैसे त्यांनी परत केले होते, खटलाही झाला नाही. पण पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे हा हक्क देशभर २००५ साली आला. आता २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्यातली वैयक्तिक माहितीची पळवाट रुंद केली आहे. सार्वजनिक हिताचे कलम शिल्लक आहे, हे खरे. पण मंत्र्याच्या खर्चाचे बिल मागणाऱ्या बातमीदाराला ‘ही खासगी बाब’ असे उत्तर मिळू लागले, तर गुस्तावाला आपण हसायचे कोणत्या तोंडाने?