नट घडवणारे देवल मास्तर

मालवण : दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. राजा कोण, राक्षस कोण, आख्यान कुठलं, एवढं रंगायला बसताना ठरतं. बाकी संवाद नट उभ्या उभ्या जुळवतो. पोर शिकतं ते मोठ्यांचं बघून. ही रीत आपल्याकडे घरोघरी माहीत. पण लिहिलेल्या नाटकासाठी नट कसा तयार करायचा, याची मराठीत वाट पाडणाऱ्यांत गोविंद बल्लाळ देवल यांचं नाव आधी घ्यावं लागतं.

जन्म १८५५ चा. बालपण सांगलीजवळ हरिपुरात, शिक्षण बेळगावात. तिथेच अण्णासाहेब किर्लोस्करांची गाठ पडली नि देवल नाटकाकडे ओढले गेले. काही वर्षं शाळेत शिकवलंही.

तालमीतही ते मास्तरच. आधी अर्थ, मग पाठांतर. हे वाक्य कोण, कुणाला, का बोलतो हे नटाला कळायला हवं. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, नजर कुठे ठेवायची, ते पुढचं. त्या काळी माईक नव्हता, ओरडणं म्हणजेच अभिनय असं पुष्कळांना वाटायचं. ऑथेल्लोवरून देवलांनी झुंझारराव लिहिलं, त्यात गणपतराव जोशी गाजले.

खरी कसोटी पुढे आली. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीचा कणाच मोडला. नाटक कंपनी म्हणजे नटांपासून आचाऱ्यापर्यंत किती पोटं! १९०५ मध्ये नारायण राजहंस हा कोवळा मुलगा मिळाला. कानाने जरा कमी ऐकणारा. गळा देवाने दिलेला, पण स्त्रीचं बोलणं-चालणं, लाजणं देवलांच्या तालमीत आलं. मिरजेला तो शकुंतला म्हणून उभा राहिला. तेच बालगंधर्व. कंपनी तरली.

देवलांचं शारदा १८९९ चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधणाऱ्या बापावरचं. (बालविवाहाचा शारदा कायदा या नाटकावरून नाही हां, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून.)

१८९३ च्या फाल्गुनरावात पदं घालून त्यांनी गंधर्व मंडळीसाठी संशयकल्लोळ तयार केलं. १४ जून १९१६ ला देवल गेले. नाटक त्यांच्या मागे त्याच वर्षी रंगमंचावर आलं आणि अजून लागतं.